वांग्याचा निकाल कोणी द्यावा?

नवे यंत्र, नवे बियाणे किंवा नवे औषध निघाले की ते चालते का आणि घातक नाही ना, हे शास्त्रज्ञांनी सांगावे याविषयी दुमत नाही. परंतु ते कोणासाठी व कशासाठी चालावे, हे कोणी ठरवायचे? हा प्रश्न प्रयोगशाळेचा नव्हे, लोकसत्तेचा आहे. तो आपल्या चुलीच्या किती जवळ येऊ शकतो, हे बीटी वांग्याच्या हकीकतीवरून दिसते.

शेंडे व फळे पोखरणारी अळी हा वांग्याचा जुना शत्रू. तिच्यापायी शेतकऱ्याला पुनःपुन्हा विषारी फवारे मारावे लागतात. मातीतील एका जिवाणूचा जनुक वांग्यात घातला तर झाडच अळीला पुरून उरेल, ही कल्पना त्यातून निघाली. जालन्याच्या महिको कंपनीने आपल्या संकरित वाणांत तो जनुक घातला. तोच जनुक धारवाडच्या कृषी विद्यापीठाने मांजरी गोटा, कुडची लोकल अशा देशी वाणांतही उतरवला. कुडची म्हणजे आपल्याच बेळगाव जिल्ह्यातली. येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. जनुक एकच, अळीही एकच. पण संकरित बियाणे दरसाल विकत घ्यायचे, आणि देशी वाणाचे बी घरी राखून पुढच्या साली पेरायचे. एकाच शोधाचे हे दोन हेतू! यांतला कोणता पुढे यावा, हे कोणत्याही सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. ज्यांच्या वाडवडिलांनी निवडून निवडून हे वाण टिकवले, त्या शेतकऱ्यांना या निवडीत पहिल्या दिवसापासून मान हवा होता.

प्रत्यक्षात 14 ऑक्टोबर 2009 रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने बीटी वांग्याला संमती दिली आणि मग वादळ उठले. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी 2010 च्या जानेवारी-फेब्रुवारीत नागपूर, हैदराबाद, बंगळूर यांसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. सुमारे 8,000 लोक आले. 9 फेब्रुवारी 2010 रोजी स्थगिती जाहीर झाली. पंधरा वर्षे उलटली तरी ती उठलेली नाही.

शास्त्राचे निर्णय हात वर करून होत नसतात, असा आक्षेप त्या वेळी घेतला गेला. तेवढ्यापुरता तो खरा आहे. बांगलादेशाने 2013 साली हेच वांगे स्वीकारले व तेथे फवारे कमी झाल्याचे अभ्यास सांगतात. म्हणून स्थगिती हाच लोकांचा विजय, अशी आरोळी आम्ही ठोकणार नाही. आमची तक्रार निराळी आहे. लोकांना विचारले ते सारे काम पुरे झाल्यावर. तेव्हा त्यांच्या हाती 'हो' किंवा 'नाही' एवढे दोनच शब्द उरले होते; 'असे नको, तसे करा' म्हणण्याची वेळ टळून गेली होती. परिणामी कंपनीचे संकरित वाण आणि कुडचीचे देशी वाण एकाच दाव्याला बांधले गेले!

23 जुलै 2024 रोजी जनुकीय मोहरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे परवानगीविषयी एकमत झाले नाही. मात्र अशा पिकांचे राष्ट्रीय धोरण राज्ये व शेतकऱ्यांचे प्रतिनिधी यांच्याशी विचारविनिमय करून आखावे, यावर दोघेही ठाम राहिले. हा विचारविनिमय दिल्लीच्या दालनात आटोपू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सार्वजनिक पैसा संशोधनावर पडण्यापूर्वीच त्याचा हेतू लोकांपुढे मांडावा. सुनावणी तालुक्याच्या गावी, बाजाराच्या दिवशी, ऐकणाऱ्याच्या भाषेत व्हावी: मराठी गावात मराठीत, कानडी गावात कानडीत. आणि प्रत्येक आक्षेपाला लेखी उत्तर मिळावे.

शास्त्रज्ञाने सुरक्षिततेची ग्वाही द्यावी. त्याच्या कामात गर्दीने ढवळाढवळ करू नये. पण पाठीवर फवारणीचा पंप वाहणारा मजूर, बी राखणारी शेतकरीण आणि बाजारात वांगे निवडणारी गृहिणी यांना वगळून हेतू ठरवण्याचा अधिकार कोणत्याही समितीला वा कंपनीला नाही. आज प्रश्न वांग्याचा आहे; उद्या तो माणसाच्या हातचे काम घेणाऱ्या यंत्राचा असेल. विचारायची वेळ पेरणीपूर्वीची असते, मळणीनंतरची नव्हे.