तंबोऱ्याचा नंबर

"मामा, आवाजाचं काय घेऊन बसलात? तो केव्हाही बदलता येतो," असं माझा भाचा म्हणाला. सांगलीच्या घरात, भडंगात कांदा कालवता कालवता म्हणाला, आणि त्याच्या पाठीमागे कोपऱ्यात अक्काचा तंबोरा उभा होता. तंबोऱ्याने ऐकलं. मीही ऐकलं. तंबोरा सोशिक आहे, मी नाही. म्हणून हे लिहिणं.

प्रकरण असं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वय ८१. सांगलीत पन्नास वर्षं तिने मुलींना गाणं शिकवलं आणि स्वतः बांधलेल्या बंदिशी तीन वह्यांत भातखंड्यांच्या पद्धतीने पेन्सिलीने लिहून ठेवल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, आणि जागोजागी समासात 'इथे घाई नको' असा शेरा. आता तिला स्वतःचंच अक्षर दिसत नाही. वह्या मेलबर्नला शिकणाऱ्या नातीपर्यंत पोचवायच्या, तर कुणीतरी त्या कॉम्प्युटरवर घालायला हव्यात. आमच्या घराण्यात रिकाम्या माणसाचा शोध सुरू झाला की सगळ्यांची तोंडं साताऱ्याकडे वळतात. साताऱ्यात मी राहतो. सरकारी नोकरीतून निवृत्त, हौशी नाटकांत पेटी वाजवलेली, आणि सांगलीला जाताना कंदी पेढे न विसरणारा. एवढ्या पात्रतेवर माझी नेमणूक झाली.

भाच्याने एक फुकट मिळणारं स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर माझ्या कॉम्प्युटरवर चढवून दिलं. पाच रेघांवर काळे-पांढरे ठिपके मांडायला मी दोन महिन्यांत शिकलो. ते काही अवघड नाही. सरकारी नमुने भरण्यात ज्याची हयात गेली, त्याला रेघांची भीती नसते. खरं नाटक पुढे. लिहिलेलं वाजवून दाखवण्याचं एक बटण असतं. मी अक्काची यमनातली बंदिश लिहिली, बटण दाबलं, आणि पियानो वाजला. एखाद्या बड्या हॉटेलच्या लिफ्टमध्ये यमनासकट अडकल्यासारखं वाटलं.

"साउंड लायब्ररी घाला मामा," भाचा फोनवर म्हणाला.

तर ही लायब्ररी. कुणीतरी कुठेतरी एका वाद्याचे सूर एकेक करून ध्वनिमुद्रित केलेले असतात. तुम्ही गंधार लिहिलात की गंधाराची बरणी उघडते, पंचम लिहिलात की पंचमाची. सगळ्या बरण्यांची मिळून एक फाइल. ती उतरवून घ्यायची, ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवायची, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडायचं, मग मिक्सर नावाच्या खिडकीत (आमच्या घरी मिक्सर म्हटलं की हिला चटणी आठवते) वाद्यापुढे त्या लायब्ररीचं नाव निवडायचं. पहिली लायब्ररी चहा होईस्तोवर उतरली. तिच्यातली सतार पत्र्याच्या डब्याला रबर लावल्यासारखी. दुसरी उतरायला रात्र लागली. तिच्यातली सतार बरी, पण पेटीच्या जागी चर्चमधला बाजा, आणि तोही इतका मोठा की शेजारचे जोशी चौकशीला आले. तिसरी घातल्यावर सगळंच गप्प झालं. फाइल चुकीच्या फोल्डरमध्ये होती. चूक माझी. कबूल.

हे बदलाबदलीचं प्रकरण चालतं कसं, ते कळल्यावर मात्र माझं डोकं फिरलं. तुमच्या लिखाणाच्या फाइलमध्ये आवाज नसतोच! असतो फक्त नंबर. अमुक ओळ अमुक नंबरच्या वाद्यावर वाजवा, एवढाच हुकूम. तो नंबर ज्या लायब्ररीत शोधाल त्या लायब्ररीचा आवाज निघणार. आणि हे नंबर ठरले १९९१ साली, अमेरिका आणि जपानमधल्या वाद्यं बनवणाऱ्या मंडळींनी केलेल्या एका यादीत. 'जनरल मिडी' तिचं नाव. एकंदर १२८ जागा. मी ती यादी नोकरीत असताना ज्येष्ठता यादी वाचायचो त्या बारकाईने वाचली. पियानोच्या जातकुळीला पहिल्या आठ जागा. ऑर्गनवाल्यांना आठ, गिटारवाल्यांना आठ. सतार १०५ व्या नंबरावर, सनई ११२ वर. त्यांच्या मधे बँजो, जपानी कोतो आणि स्कॉटलंडची बॅगपाइप. ही सगळी 'एथ्निक' नावाच्या एकाच बाकावर, म्हणजे लग्नात न ओळखणारे पाहुणे एका पंगतीला बसवतात तशी. तबल्याचं नाव नाही. तंबोऱ्याचं नाव नाही. पण १२४ वर पक्ष्याची चिवचिव आहे. १२५ वर टेलिफोनची घंटी. १२६ वर हेलिकॉप्टर. १२७ वर टाळ्या. १२८ वर बंदुकीचा बार.

टाळ्यांना नंबर आहे आणि तंबोऱ्याला नाही. म्हणजे मैफल संपवायची सोय आहे, सुरू करायची नाही.

यादी करणाऱ्यांशी माझं भांडण नाही. त्यांनी आपल्या दुकानातला माल मोजला. सतार आठवली हेच उपकार. माझं भांडण आपल्याशी आहे, आणि विशेषतः "आवाज केव्हाही बदलता येतो" म्हणणाऱ्या माझ्या भाच्याशी आणि त्याच्या पंथाशी. या पंथाचं म्हणणं असं की स्वर खरे, आवाज हा वरचा सदरा. सतारीचा काढा, बासरीचा घाला. बंदिश आत तीच.

ती तीच राहत नाही. एका रविवारी नातीने फोनवर अक्काला यमन ऐकवला. माझ्या फाइलवरून बसवला होता, मान हलवून, ताल धरून, अगदी सुरात. पंचमावरून रिषभावर घसरत यायची एक जागा आहे. त्या बंदिशीचा जीवच तिथे आहे. नातीने पंचम म्हटला. मग रिषभ म्हटला. एसटीतून उतरावं तशी, खाली नीट पाहून पाऊल टाकत.

अक्का थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "छान. पायऱ्या अगदी स्वच्छ झाडल्यायस. पण बाळ, तिथे जिना नाहीये."

"आजी, फाइलमध्ये असंच आहे."

फाइलमध्ये असंच होतं आणि ती फाइल मी केली होती. वर मींडेची कमान काढली होती हो मी! पण कमान कागदावर दिसते, बरण्यांना दिसत नाही. पंचमाची बरणी मिटते, रिषभाची उघडते, मधे रस्ता नाही. पन्नास वर्षं अक्का ज्या रस्त्याने मुलींना बोट धरून नेत होती, तो मी सातारच्या माडीवर बसून दोन महिन्यांत बुजवला.

आणि हे सांगलीत व्हावं? याच सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं. नुसतं लिहून थांबले नाहीत. पेटीच्या बारा पट्ट्यांत आपले सूर मावत नाहीत म्हणून क्लेमंट्स नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याच्या साथीने बावीस श्रुतींची पेटी उभी केली. ती घडवून घेतली थेट लंडनमध्ये. साथीला अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ती पेटी मांडली, तेव्हा मोठा वाद झाला, भातखंडे त्या हिशेबाला राजी नव्हते, आणि पेटी काही चालली नाही. माझ्यासारख्या बारा पट्ट्यांवर पोसलेल्याला त्यात बोलायचा अधिकार नाही. पण देवल हरले असतील तर वाद्याला गाण्याच्या मापाने वाकवताना हरले. आम्ही गाण्याला यादीच्या मापाने वाकवतो आणि वर 'अपडेट' झालो म्हणतो.

तिथून दहा-बारा किलोमीटरवर मिरज. शस्त्रांना पाणी देणारे शिकलगार तंतुवाद्यांकडे वळले आणि मिरजेचा तंबोरा देशभर गेला. पंढरपूरकडचा भोपळा, वर जवारी, जवारीवर सुताचा एक धागा. तो केसभर सरकवला की आवाज उघडतो नाहीतर मिटतो. या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. फार चांगलं झालं. मालाचं नाव राखलं. आवाज मात्र राखायचा कुणी? उद्या मेलबर्नची पोरगी १०५ नंबरला सतार आणि पोकळीला तंबोरा समजणार असेल, तर ते सर्टिफिकेट काय कानाला लावायचं?

"मग तुम्हीच करा की मामा," भाचा म्हणाला. टोमणा होता. मी पेढे घेऊन सांगली गाठली.

आधी तंबोरा मिरजेला जवारीला नेला. कारागीर पोरसवदा होता. किती वेळ लागेल विचारलं तर म्हणाला, "आवाज उघडस्तवर." साडेतीन तास लागले. ध्वनिमुद्रण रात्री एक वाजता, कारण त्याआधी पंखा, कुकर आणि गल्लीतली कुत्री यांच्यापैकी कोणीतरी साथीला असायचंच. पंखा बंद केल्यावर मी घामाने भिजलो. अक्काने दिसत नसताना तासभर तंबोरा लावला, काळी चारमध्ये. मग चारही तारा वेगवेगळ्या, आणि मग एकत्र छेडल्या. यमनातली ती घसरण तिने स्वतः गायली, तीन वेळा. ती आम्ही लायब्ररीत घातली नाही. तिची वेगळी फाइल ठेवली आणि बंदिशीवर लिहिलं, 'हे ऐकून मगच गाणे.'

भाचा पहाटेपर्यंत जागून लायब्ररी बांधत होता. (पंथ सोडला म्हणायचा नाही, पण डोळे लाल होते.) शेवटी अडलं. "मामा, तंबोऱ्याला नंबर कुठला देऊ? एकशे अठ्ठावीसच्या एकशे अठ्ठावीस जागा भरल्यात."

"कुणाला तरी उठवावं लागेल," मी म्हणालो.

अक्काने यादी वाचून घेतली. एकशे सव्विसाव्या नंबरावर तिने हात वर केला.

"हेलिकॉप्टर? त्याला उतरव."

बंदिश त्याच दिवशी मेलबर्नला गेली. लायब्ररी जड, ती मागाहून निघाली आणि वाटेत अडकली. संध्याकाळी नातीचा फोन. "आजोबा, यमन सुरू झाला की खाली हेलिकॉप्टर फिरतंय!"

मी कपाळाला हात लावला. अक्काने फोन मागून घेतला आणि शांतपणे विचारलं, "षड्जात आहे का गं?"