हेडला टॉर्क, कमानीला पाइप

टायरांवरचा माझा लेख वाचून अनेक मालकांनी कळवलं की पुढचे टायर एकाच कडेने झिजतात आणि कंपनी बदलूनही फरक पडत नाही. पुढच्या ॲक्सलचा बीम तपासा, असं मी तेव्हाच लिहिलं होतं. या आठवड्यात त्यांतल्याच एका मालकाच्या जुन्या सहाचाकी ट्रकचा पुढचा ॲक्सल बदलताना हायवेलगतच्या गॅरेजात उभा होतो. बीम वाकलेलाच निघाला. माझं म्हणणं खरं ठरलं, पण पुढे जे पाहिलं त्याने डोकं तापलं.

शेजारच्या गाडीच्या इंजिनचं हेड बसत होतं. मिस्त्रीने ब्लॉकचा माथा पुसून लख्ख केला, नवं गॅस्केट ठेवलं आणि मधून बाहेर अशा ठरलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने बोल्ट आवळले. हाताखालच्या पोराला मध्ये बोलूही दिलं नाही. मग तोच माणूस ॲक्सलकडे आला. कमान बीमला धरणारे जुनेच यू-बोल्ट तारेच्या ब्रशने घासून परत घातले, पान्याला लांब पाइप लावला आणि दोन पोरांना त्यावर जोर द्यायला सांगितला. रेंच भिंतीवर टांगलेला होता. विचारलं, तर म्हणाला, “साहेब, कमानीच्या नटाला कसला टॉर्क?”

हात तोच, हत्यार समोर, तरी हा फरक. हेड चुकलं की पाणी ऑइलमध्ये उतरतं, गाडी उभी राहते आणि मालक दारात येऊन भांडतो. यू-बोल्ट सैल राहिला तर गाडी धावत राहते. कमानीचे पाटे आणि बीम एकमेकांना धरून ठेवतो तो यू-बोल्टचा दाब. सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवतो, भार पेलणं त्याचं काम नाही. दाब कमी झाला की पाटे हलतात, सेंटर बोल्ट कापला जातो आणि ॲक्सल एका बाजूला मागे सरकतो. खंबाटकी घाट उतरताना ब्रेक मारला की वजन पुढे येतं, तेव्हा हे घडलं तर स्टिअरिंग हातात राहत नाही. भांडायला येणारा तेव्हा मालक नसतो, समोरच्या गाडीतल्या माणसाच्या घरचे असतात. एकदा ताणलेल्या यू-बोल्टच्या आट्यांवर पुन्हा तोच दाब येईल याचा भरवसा नाही. म्हणून तो नवाच हवा.

बाकीच्या गोष्टीही अशाच सुटतात. कमान आणि बीम यांच्यामधली निमुळती पट्टी उलटी बसली की चाकं वळणानंतर आपोआप सरळ येत नाहीत, गाडी रस्ताभर हिंडते. भंगार बाजारातला बीम दिसायला सारखा असतो. पण कमानीच्या बैठकींमधलं अंतर, किंगपिनचं भोक आणि मधला खोलगटपणा मोजल्याशिवाय तो घेऊ नये. भोक झिजलेलं असेल तर नवी किंगपिनही खुळखुळणार. आणि वाकलेला बीम गॅसवर तापवून सरळ करून देतो म्हणणाऱ्याकडून गाडी तडक बाहेर काढा. पुण्यात मुंढव्याला भारत फोर्ज असे बीम प्रचंड दाबाखाली घडवते. घडवल्यावर उष्णतेचे संस्कार करून त्यांना जो चिवटपणा दिलेला असतो, तो गॅसच्या ज्योतीने जातो.

बीम वाकतात कशाने, यावर माझं जुनंच म्हणणं आहे: पट्टे न मारलेले गतिरोधक आणि जादा माल. 2018 साली दोन ॲक्सलच्या ट्रकची वजनमर्यादा 16.2 टनांवरून 18.5 टनांवर गेली. त्याआधीच्या गाड्यांचे बीम जुन्या हिशेबाने बनलेले आहेत, आणि माल मात्र नव्या हिशेबाने चढताना मी बघतो. आठ वर्षांवरच्या गाडीचं पासिंग दरवर्षी होतं, पण तिथे कुणी यू-बोल्टला रेंच लावलेला मी पाहिलेला नाही.

त्यामुळे हे काम मालकानेच अंगावर घेतलं पाहिजे. ॲक्सल बदलाल तेव्हा नवे यू-बोल्ट आणि नट बिलात लिहून घ्या. गाडीचं वजन कमानींवर असताना, कंपनीने दिलेल्या आकड्यानुसार, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळून घ्या आणि पुढच्या चाकांचा टो-इन मोजून घ्या. मालाची पहिली खेप झाली की रंग, गंज, पाटे दबून नट थोडे सैल होतात. त्या खेपेनंतर गाडी परत आणा आणि समोर उभं राहून ते रेंचने पुन्हा आवळून घ्या.