वरचा इजिप्त खाली का?

परवा नातू इतिहासाचे शब्द घोकत बसला होता. मेसोपोटेमिया, त्रिभुज प्रदेश, दोआब... नकाशाची पुस्तिका मात्र दप्तरातच! मला माझीच एक जुनी चूक आठवली.

नोकरीच्या सुरुवातीला एका मुलीने चाचणीत नकाशाच्या खालच्या भागात ‘वरचा इजिप्त’ लिहिले होते. मी लाल फुली मारून गुण कापला. नकाशात वर म्हणजे उत्तर, एवढेच माझ्या डोक्यात. पुढे कधीतरी ॲटलासमध्ये नाईलवरून बोट फिरवले आणि खजील झालो. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत जाऊन भूमध्य समुद्राला मिळते. म्हणून वरचा इजिप्त दक्षिणेला आणि त्रिभुज प्रदेशाचा खालचा इजिप्त उत्तरेला. आपणही नदीच्या ‘वरच्या अंगाला’ म्हणतो, ते दिशा बघून थोडेच? तोवर ती मुलगी शाळेतून गेली होती. तो गुण द्यायचा राहूनच गेला.

म्हणून माझे मत सांगतो. आधी नदीवर बोट, मग शब्द. टायग्रिस आणि युफ्रेटिस यांच्या मधली जागा मुलाने एकदा बोटाने दाखवली, की मेसोपोटेमिया म्हणजे ‘दोन नद्यांमधला प्रदेश’ हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

नातवाला नकाशा बाहेर काढायला लावला आहे. बघू या!