धागा तुटला, तरी माग थांबला नाही!

काही शोधांमध्ये केवळ यंत्रकौशल्य नसते, तर एक जीवनदृष्टी सामावलेली असते. जपानच्या साकिची टोयोडा यांनी १९२४ साली सिद्ध केलेला स्वयंचलित माग हा असाच एक शोध. विणता विणता धागा तुटला की हा माग आपोआप थांबे. सदोष कापड विणण्यापेक्षा काम थांबलेले बरे, हा त्यामागील विचार. या घराण्याने मोटारनिर्मितीत पदार्पण केल्यावर तोच विचार कारखान्यात रुजवला. दोष दिसताच साध्या कामगारानेही दोरी ओढावी आणि काम थांबवावे, अशी टोयोटाची रीत. तिचे गोडवे जगभरच्या व्यवस्थापनतज्ज्ञांनी गायले.

अशा कंपनीवर २००९-१० साली जी नामुष्की ओढवली, ती याच दोरीच्या विस्मरणामुळे.

ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन दिएगोजवळ टोयोटाच्याच लेक्सस गाडीचा ॲक्सिलरेटर पायाखालच्या चटईत अडकला. गाडी आवरेना. एकाच कुटुंबातील चौघांना प्राण गमवावे लागले. चटईच्या या धोक्यापायी सप्टेंबरअखेर सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना सावध करण्यात आले. परंतु दुसरा दोष खुद्द ॲक्सिलरेटरच्या पेडलमध्ये होता. पेडल दाबताना पायाला योग्य तो जोर जाणवावा म्हणून आत घर्षणाचा एक भाग बसवलेला असतो. झीज आणि ओलावा यांमुळे तो चिकटे, आणि पाय उचलला तरी पेडल वर येण्यास विलंब होई. उपाय अगदी साधा होता. पोलादाची एक लहानशी पट्टी आत बसवायची, एवढेच!

मग अडले कोठे? युरोपातील ३१ देशांच्या आणि कॅनडाच्या वितरकांना दुरुस्तीची पद्धत सप्टेंबर २००९ मध्येच कळवण्यात आली होती. अमेरिकेच्या कायद्यानुसार असा दोष कामकाजाच्या पाच दिवसांत सरकारला कळवावा लागतो. तेथील २३ लाख गाड्या परत बोलावण्याची घोषणा मात्र २१ जानेवारी २०१० रोजी झाली. धागा तुटल्याचे ठाऊक होते, तरी माग चालूच राहिला.

येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवरही त्या काळी गंभीर आरोप झाले. 'नासा'च्या तज्ज्ञांनी तपासणी केली, तेव्हा २०११ च्या अहवालात तसा पुरावा आढळला नाही. म्हणजे प्रत्येक आरोप खरा नव्हता. पण जे खरे होते, ते वेळेवर सांगितले गेले नाही. विश्वास उडाला, की खऱ्याखोट्याचा निवाडा करण्याइतका धीर समाजापाशी उरत नाही.

फेब्रुवारी २०१० मध्ये साकिचींचे पणतू आकिओ टोयोडा अमेरिकी संसदेच्या समितीसमोर उभे राहिले. विस्ताराचा वेग आपल्या माणसांच्या घडणीहून अधिक झाला, अशी कबुली त्यांनी दिली. २००८ मध्ये विक्रीत जगात पहिला क्रमांक मिळवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाची ही कबुली होती. पुढे विलंबापायी १ कोटी ६४ लाख डॉलरचा दंड झाला, आणि ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल २०१४ मध्ये १२० कोटी डॉलर मोजावे लागले. पट्टी स्वस्त होती. मौन महागात पडले.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने सदोष वाहने परत बोलावण्याची तरतूद आली, आणि १ एप्रिल २०२१ पासून तिचे नियम लागू झाले. वाहनमालकांच्या तक्रारी पुरेशा संख्येने आल्यास सरकार तसा आदेश देऊ शकते. म्हणजे दोरी आता ग्राहकाच्या हातीही आली आहे. ती ओढण्याची सवय मात्र आपल्याला लागलेली नाही. दोष दिसला तर 'चालायचेच' म्हणून आपण गप्प बसतो, आणि एखाद्या कंपनीने गाड्या परत बोलावल्या की तिचीच टिंगल करतो.

वास्तविक, दोष मान्य करून गाडी परत बोलावणारा उत्पादक निंदेस पात्र नाही. दोष झाकून ती रस्त्यावर धावू देणारा आहे. थांबण्याची लाज वाटणे, हाच खरा अपघात!