तळटीप

दिवाळीची साफसफाई निघाली, की आमच्या घरी एखाद्या निरुपद्रवी वस्तूवर संक्रांत येते. गेल्या वर्षी ती माझ्या जुन्या व्याख्यानांच्या वह्यांवर आली होती; यंदा संगणकावर आली. निमित्त झाले ते गणपतीतल्या फोटोंचे. सौभाग्यवती ते संगणकात भरावयास बसल्या आणि "जागा शिल्लक नाही" असे यंत्राने सांगितले. वास्तविक ही तक्रार पुण्यातल्या कोणत्याही घराने करावी. पण यंत्राने केली म्हणून तिची लगेच दखल घेतली गेली.

आमचे चिरंजीव अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात आहेत. म्हणजे घरातले प्रत्येक यंत्र उघडण्याचा परवाना त्यांना मिळाला आहे. बंद करण्याचा बहुधा पुढल्या वर्षी मिळेल. ते तपकीर गल्लीत जाऊन एक नवी एसएसडी घेऊन आले. जेमतेम २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब अशी ती पट्टी पाहून मी म्हणालो, "एवढीशीच?" त्यावर त्यांनी मला इतिहास ऐकवला. १९५६ साली आयबीएमने पहिली चकतीची साठवण बाजारात आणली, तेव्हा २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक रचून तिच्यात पन्नास लाख अक्षरे मावत होती, आणि ते कपाट हलवायला माणसे लागत. ही पट्टी ५०० जीबीची, म्हणजे त्या कपाटाच्या सुमारे लाखपट. मी गप्प बसलो. आपल्या मुलाने आपल्याला इतिहास सांगावा, यातले सुख ज्याचे त्यालाच ठाऊक.

पट्टी मदरबोर्डावरच्या खाचेत बसली, स्क्रू पिळला गेला, यंत्र सुरू झाले. नवी पट्टी काही दिसेना. "घाबरू नका बाबा, कोरी आहे ती. आधी तिला इनिशिअलाइझ करावं लागतं." त्यांनी डिस्क मॅनेजमेंट नावाची खिडकी उघडली. तिथे पट्टी एका काळ्या पट्ट्याखाली मुकाट्याने बसली होती. जीपीटी निवडून, फॉरमॅट करून, तिला एक इंग्रजी अक्षर बहाल केल्यावर ती घरात आली. आपल्याकडे बारशापर्यंत बाळाला नाव नसते, पण म्हणून ते पाळण्यात नसते असे नाही. तसाच हा प्रकार.

आणि मग माझे लक्ष गेले. जुनी १ टीबीची हार्ड डिस्क, जिला घरात सगळे 'डी' म्हणतात, ती कुठेच नव्हती.

आता सांगितलेच पाहिजे. त्या डिस्कवर माझी आई आहे. २०१५ च्या उन्हाळ्यात गावी गेलो असता तिच्या जात्यावरच्या ओव्या मी ध्वनिमुद्रित करून घेतल्या होत्या. चार दुपारी, मिळून सहा-सात तास. जाते केव्हाच बंद पडले होते, पण ओवी आठवायला हाताला काहीतरी फिरवायला हवे म्हणून ती रिकामेच जाते ओढीत बसे. २०१७ साली ती गेली. त्या मुद्रणाची दुसरी प्रत करीन करीन म्हणत मी आठ-नऊ वर्षे काढली. मराठीच्या प्राध्यापकाने लोकसाहित्याच्या जतनावर वर्गात तासन्‌तास बोलावे आणि स्वतःच्या आईची एकच प्रत ठेवावी, याला काय म्हणावे ते विद्यार्थ्यांनी ठरवावे.

दुकानदाराला फोन लावला. "जुनी आहे ना सर? गेली असणार. डेटा काढून देणारे आहेत, पण खर्च येईल," तो म्हणाला. आणि आकडा सांगितला. आकड्यापेक्षा "गेली असणार" हे शब्द मला अधिक लागले.

वरच्या मजल्यावरचे गृहस्थ संगणक-कंपनीत आहेत. ते चप्पल न घालताच खाली आले. "इनिशिअलाइझ करून बघा की," असे त्यांनी सुचवले. चिरंजीव एकदम ओरडले, "नाही काका! ते कोऱ्या डिस्कला. जुनी तसं विचारत आली तरी 'ओके' दाबायचं नाही. आत कुठे काय आहे त्याचा तक्ताच पुसला जाईल." मला त्या क्षणी त्या मुलाचा फार आधार वाटला.

मग त्यांनी रीतसर तपास केला. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले आणि विंडोज येण्याआधीच बायोसमध्ये शिरले. तिथेही डिस्क नाही. "म्हणजे भानगड विंडोजची नाही, त्याच्या खालची आहे." डिस्कवर हात ठेवायला मला सांगितले. ती बारीक थरथरत होती; आत तबकडी फिरत होती. वीज पोचत होती तर! डिस्कला दोन वायरी असतात, रुंद ती विजेची आणि अरुंद ती माहितीची. प्लग काढून अरुंद वायर बदलून पाहिली. तरी काही नाही. रात्रीचे साडेअकरा झाले. सौभाग्यवतींनी चकल्यांचे पीठ झाकून ठेवले, पण त्या झोपायला गेल्या नाहीत.

मला यातले काही कळत नाही. पण छापील कागद पुढे आला, की तो वाचायचा एवढे येते. मदरबोर्डाबरोबर आलेली पुस्तिका माळ्यावरून उतरवलेल्या खोक्यातच होती. अक्षर मुंगीएवढे, भाषा इंग्रजी असली तरी कुणी जिभेवर घेतलेली नव्हे. साठवणीच्या पानावर तक्ता होता, तक्त्यात एका शब्दावर फुली होती, आणि पानाच्या तळाशी त्या फुलीची टीप: या खाचेत सॅटा जातीची पट्टी बसवल्यास सॅटा क्रमांक ५ बंद होईल.

"आपली पट्टी कोणत्या जातीची रे?"

"सॅटाच. एनव्हीएमई महाग होती."

"आणि जुनी डिस्क कोणत्या नंबरात खोचली आहेस?"

चिरंजीवांनी बॅटरी मारली. पाच.

म्हणजे कुणीच मेले नव्हते. त्या खाचेला आणि पाचव्या जागेला आत रस्ता एकच; नव्या पाहुणीने तो अडवला, आणि जुनी बाई दाराबाहेर ताटकळत उभी राहिली. प्लग काढला, वायर पाचातून उपटून दोनात खोचली, यंत्र सुरू केले. 'डी' जागच्या जागी हजर! वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या आणि ते झोपावयास गेले.

चिरंजीवांनी काही न विचारता आधी सगळ्या ओव्या नव्या पट्टीवर उतरवून घेतल्या, मग एका पेन ड्राइव्हवर. तो सौभाग्यवतींनी दागिन्यांच्या डब्यात ठेवला. रात्री सव्वा वाजता आम्ही तिघांनी पहिले मुद्रण लावले. आधी जात्याची घरघर, मग खोकला, मग आईचा आवाज:

"लागलं का रे तुझं ते मशीन?"

आणि त्यामागून माझा, नऊ-दहा वर्षांनी तरुण: "लागलं, तू म्हण."