सिमेंटचा प्रतापगड

मंडळी, या शनिवारी कोड-बिड काही नाही. थेट भांडण, आणि तेही सख्ख्या भावाशी.

आमचं घर पाचगणीत. गेल्या दिवाळीला पुण्याहून घरी पोचलो तर अंगणात सिल्व्हर ओकच्या बुंध्याशी किल्ला तयार. सिमेंटचा! दादाने गवंडी बोलावून कायमचा प्रतापगड बांधून घेतलेला. बुरूज एका मापाचे, वर ऑइलपेंट. "आता दरवर्षीची कटकट मिटली. ताडपत्री काढायची, चित्रं मांडायची, झालं," इति दादा. पुतण्याने पंधरा मिनिटांत चित्रं मांडली आणि तो मोबाइल घेऊन बसला.

याला आमच्या धंद्यात हार्डकोड करणं म्हणतात. जी गोष्ट बदलणारच आहे ती एकदा पक्की ठोकून द्यायची आणि पुढे जन्मभर तिच्याभोवती फिरायचं.

गंमत म्हणजे दादाच्या गडावर १९५७ साली नेहरूंनी अनावरण केलेला अश्वारूढ पुतळा आहे, आणि त्याच्याच पायथ्याशी १६५९चे मावळे अफजलखानाची वाट बघत उभे! चिखलाचा किल्ला असता तर पुतळा उचलून बाजूला ठेवला असता. इथे गवंड्याने तो पक्का बसवलाय.

आम्ही लहानपणी काय करायचो? आधी दगडविटांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेली पोती, वरून चाळलेली लाल माती. अळीव आणि मोहरी पेरायची, चार दिवसांत जंगल. सलाइनच्या नळीचं कारंजं (ते एकदाही धड उडालं नाही). आणि परतीचा पाऊस आला की रात्रीत माची खाली. सकाळी बघायचं, पाणी नेमकं कुठून शिरलं. मग तिथे उतार द्यायचा, एक दगड वाढवायचा. उतार, निचरा, पाया ही भानगड मला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात नव्हे, त्या अंगणात कळली. सिमेंटच्या किल्ल्यावर पाऊस पडला तर फक्त धूळ धुतली जाते.

आणि दरवर्षी किल्ला वेगळा. एकदा परातीत पाणी घालून सिंधुदुर्ग केला, एकदा राजगड. एका वर्षी कमळगड! पारसी पॉइंटवरून धोमच्या पाण्यापलीकडे दिसतो तोच. त्याला धड तटबंदी नाही, पण पोटात कातळ कापून खोल उतरलेली गेरूची विहीर आहे. आम्ही भोक पाडून आतून गेरू फासला होता. दुकानात कमळगड विकत मिळेल का? पुण्यात हल्ली रस्त्याच्या कडेला तयार किल्ले मिळतात. त्यातला कुठला किल्ला कुठला, हे विकणाऱ्यालाही विचारू नका. २०२५मध्ये युनेस्कोने बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात तमिळनाडूतला जिंजीसुद्धा आहे. पोरांनी बारा वर्षं बारा किल्ले करावेत की नाही? स्वतः महाराजांनी राजधानी राजगडावरून रायगडावर हलवली, आणि आपण म्हणे प्रतापगड फिक्स.

कायमचं काही नकोच, असं माझं म्हणणं नाही. चित्रं कायमची असू द्यात. आमच्या बुटांच्या खोक्यात नाक उडालेले राजे आहेत, बुरुजापेक्षा उंच गवळण आहे, मान डुलवणारा वाघ आहे. ती तीच हवीत. त्यांच्या पायाखालची जमीन तेवढी दरवर्षी नवी हवी. एच. जी. वेल्ससारखा मोठा लेखकही १९११च्या 'फ्लोअर गेम्स'मध्ये पोरांबरोबर फळ्या आणि ठोकळ्यांची बेटं जमिनीवर मांडत होता. खेळ संपला की पुन्हा खोक्यात.

हे सगळं मी दादाला ऐकवलं. त्याने शांतपणे विचारलं, "माती कोण आणणार? तू तर लक्ष्मीपूजनाच्या सकाळी येतोस."

वहिनी हसली. मी गप्प. कारण गेली चार वर्षं रिलीजच्या नावाखाली मी खरंच तसाच जातोय. पोती भिजवणारा दुसरा माणूसच नाही, म्हणून सिमेंट आलं.

असो. यंदा वसुबारसेच्या आदल्या दिवसापासून रजा टाकली आहे, मॅनेजरने मंजूरही केली. सिमेंटचा प्रतापगड काही फुटत नाही, पण त्याच्यापुढे तीन फूट जागा आहे. पुतण्याला फोन करून विचारलं, कुठला करायचा? म्हणाला, "काका, तो विहीरवाला."

पोती मात्र हल्ली मिळत नाहीत, सगळी प्लॅस्टिकची. कुणाकडे तागाची असतील तर सांगा.