जनाजाच्या रांगेत जे नसतात

पांढरकवड्यात आमच्यापैकी कुणाचे निधन झाले की जनाजाच्या नमाजेसाठी रांगा लागतात. तकबीर होण्यापूर्वी मरहूमचा मुलगा किंवा भाऊ पुढे येऊन सांगतो, ‘‘त्यांच्याकडे कुणाचे काही येणे असेल तर आम्हाला सांगा, आम्ही फेडू.’’ हे आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते कानांपाशीच थांबते.

या घोषणेमागे मोठी शिकवण आहे. एका कर्जदाराचा जनाजा आला तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः नमाज पढवली नाही, सोबत्यांना पढायला सांगितले. अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज आपल्या अंगावर घेतले, तेव्हाच प्रेषितांनी नमाज पढवली. वारसांचे हिस्सेही कर्ज फेडल्यानंतरच होतात. कुरआनातील सर्वांत लांब आयत (सूरह बकरा, 282) उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे.

आमचा हा मुलूख कापसाचा. बियाणे, खत उधारीवर येते, किराण्याची वही चालू राहते आणि दसरा-दिवाळीनंतर कापूस विकला की चुकते करायचे. 2017 साली गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली, तसे वर्ष आले की उधारी पुढच्या हंगामावर जाते. अशात घरचा कर्ता माणूस गेला तर?

मुलगा रांगेपुढे उभा राहून विचारतो खरा, पण कृषी केंद्राचा मालक तिथे असतोच असे नाही. किलोमागे मजुरी घेऊन कापूस वेचणाऱ्या बाया तिथे नसतात. आणि जिचा महर वर्षानुवर्षे ‘देऊ पुढे’ म्हणून राहिला, ती बीबी तर घरात रडत असते. महर हेही कर्जच. मय्यत घरात असताना चार जणींनी ‘महर माफ कर दे’ म्हणावे आणि तिने मान हलवावी, याला राजीखुशीची माफी कशी म्हणायची?

जे रांगेत नाहीत, त्यांचे येणे बुडत नाही. येणेकरी मुस्लिम असो की मुस्लिमेतर, हिशेब सारखाच.

म्हणून एक काम करू या. या आठवड्यात एका रात्री इशाच्या नमाजेनंतर वही काढू. कुणाचे किती देणे आहे ते लिहू आणि बीबीला, मोठ्या मुलांना वाचून दाखवू. पहिल्या ओळीवर महर. दुसऱ्या पानावर आपले येणे. त्यात कुणी खरोखर अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी, आणि सोडून दिले तर ते अधिक चांगले, असे कुरआन सांगतो (2:280). कर्जात बुडालेल्यांचा जकातीतही वाटा आहे (9:60).

मग आपल्या जनाजाच्या वेळी मुलाला येणेकरी शोधावे लागणार नाहीत. तो म्हणू शकेल, ‘‘अब्बांनी सारे लिहून ठेवले आहे.’’

अल्लाह आपणा सर्वांना ज्याचा त्याचा हक्क जिवंतपणीच अदा करण्याची तौफीक देवो. आमीन.